अकरा पावलांचा बोगदा

समुद्राकडे पाठ करून सुटते आमची गाडी.
चार डबे, चोवीस पोरं, एक मी.
रूळ सगळे मिळून सहाशे पावलं. मोजलेत मी,
रोज संध्याकाळी झाडू घेऊन
त्यांच्यावरची वाळू लोटताना.
वाळू उद्याही येणार,
तिच्यावर चिडून काय होतंय.

खोरफक्कानला मागं डोंगर आहेत, खरेखुरे,
करपलेल्या भाकरीच्या रंगाचे.
तरी बागेत आणखी एक लागतोच.
फायबरचा. माथ्यावर पांढरा हात फिरवलाय, म्हणजे बर्फ.
ऑगस्टात त्या बर्फाला बोट लावलं
तर फोड येतो.
पोटातून बोगदा, अकरा पावलांचा,
तोंडाशी रंगवलेला धबधबा, आणि पाणी पिणारं हरीण.
त्याचा एक डोळा कुणीतरी खरवडून नेलाय.

इंजिन बॅटरीचं. धुरांडं नुसतं नावाला,
त्यातून निघतो त्या धुराला गुलाबाचा वास.
शिट्टीसुद्धा डबीतली. बटण दाबलं की
कुठल्याशा थंड मुलखातली गाडी
माझ्या पायाखालच्या स्पीकरात ओरडते,
आणि पोरांना वाटतं, आपण निघालो.

ईदच्या दुसऱ्या रात्री स्पीकर मेला.
रांग पार खजुरापर्यंत गेलेली,
जोसेलिन तिकिटाच्या खिडकीतून हात नाचवत,
पारकर, काहीतरी कर, काहीही कर.
मी दोन बोटं जिभेखाली घातली.

दोन आखूड, एक लांब.

दुसरी मला येतच नव्हती.
ही अब्बांची. याकूब पारकर, मुक्काम फुणगूस,
कोकण रेल्वेच्या बोगद्यात सुरुंगाच्या टोळीवर.
वात पेटवली की हीच द्यायची,
दोन आखूड, एक लांब,
म्हणजे पळा, म्हणजे चप्पल राहिली तर राहू दे.
मग डोंगर एकदाच खोकायचा.
अब्बा रात्रभर.
आम्ही भावंडं परसात तोच खेळ खेळायचो.
जो शेवटी पोचेल त्यानं दगड व्हायचं,
हलायचं नाही, हाक मारली तरी.

आणि इथं शिट्टी झाली, आणि कुणी पळालं नाही.
चोवीस पोरं दोन्ही हात वर करून
किंचाळत शिरली बोगद्यात,
आपलाच आवाज भिंतीवरून परत आला म्हणून
आणखी जोरात किंचाळली.
पलीकडे दिव्यांच्या माळांखाली मी मागं वळलो
आणि मोजली.
ठरवलं नव्हतं. पण मोजली.
चोवीस.

पाच रात्री असं चाललं.
सहाव्या दिवशी दुबईहून स्पीकर आला,
आधीच्यापेक्षा मोठा.
मौजा नावाची एक मुलगी आहे, पुढच्या डब्यात बसते,
आजीचा बुरखा मुठीत धरून.
तिनं बटणाची शिट्टी ऐकली आणि तोंड पाडलं.
मग स्वतःची दोन बोटं तोंडात घातली,
फुंकली. नुसती थुंकी आली.
आजीनं पदरानं पुसली तिची हनुवटी
आणि मला म्हणाली, शिकवलंस ना हे, आता निस्तर.

शुक्रवारी घरी व्हिडिओ लावला.
अब्बांचे कान बोगद्यातच राहिले, डावा पुरा, उजवा निम्मा,
म्हणून मी गाडी दाखवली, बर्फ दाखवला,
बोगदा दाखवला. हसले.
पाच दिरहम? एवढ्याशाला?
बोटानं विचारलं, कितीला खणला.
मी सांगितलं, खणला नाही अब्बा, ट्रकवरून आला.
ते त्यांना कळेना.
मग म्हटलं, हे तरी कळेल,
आणि मोबाईल लांब धरून
दोन बोटं जिभेखाली घातली.

आवाज पोचलाच नसणार.
पण बोटं दिसली,
आणि त्यांचे दोन्ही तळवे
आपसूक कानांवर गेले, मान खाली,
खांदे आत,
बाजेवर होते तिथल्या तिथं लहान झाले.

नसीम मागून म्हणाली, भाई, चित्र अडकलंय वाटतं,
अब्बा हलतच नाहीत.